तांबडीचं वासरू

कवड्या सापडला तेव्हा त्याची नाळ अजून वाळायची होती. धर्मापुरीकडून येणाऱ्या रस्त्यावर, राखेच्या विटांच्या कारखान्यासमोर, कुणीतरी त्याला बाभळीला बांधून निघून गेलं होतं. जर्सीचा गोऱ्हा. खांद्याला वशिंड नाही म्हणून औताला चालत नाही, आणि दूध तर देतच नाही. असा गोऱ्हा झाला की लोक तो दुसऱ्याच्या दारात सोडतात, किंवा कुणाच्याच दारात नाही. वनिता शाळेतून स्कूटीवर घरी निघाली होती. तिनं गाडी लावली, सुतळीची गाठ सोडली, आणि त्याला पायांपाशी मोकळ्या जागेत बसवून घरी आणलं. सगळ्या वाटेत तो तिच्या ओढणीचं टोक चोखत होता.

घरी ती आणि सासू जाईबाई, दोघीच. नवरा नवनाथ परळीच्या वीज केंद्रात शिफ्टवर, आठवड्यातले चार दिवस तिकडेच राहायचा. मुलगी लातूरला शिकायला गेली होती. जाईबाईंनी गोऱ्ह्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"मास्तरीणबाई, हे काय प्रयोगाला आणलंय का?"

"पाळायला आणलंय, आत्या."

"बैल पाळत्यात. कुत्रं पाळत्यात. गोऱ्ह्याला बाटली लावून कोण पाळतंय?"

पण बाटली त्यांनीच शोधून दिली. काळ्या अंगावर कवडीएवढे पांढरे ठिपके होते म्हणून नावही त्यांनीच ठेवलं. चार दिवसांत कवड्या घरचा झाला. वनिता स्वयंपाक करत असली की ओट्याखाली बसायचा. शाळेतून आली की तिच्या बोटांवरचा खडू चाटून काढायचा, एकेक बोट, नखांच्या कडांसकट. ती दहावीच्या वह्या तपासायला बसली की हनुवटी तिच्या पोटरीवर टेकवून झोपायचा आणि त्याचा श्वास तिला पायावर लागायचा. तिनं आजवर जनावर पाळलं नव्हतं. जीवशास्त्र शिकवलं होतं, एवढंच.

नवव्या दिवशी त्याला हगवण लागली. पिशवीचं दूध मानवत नव्हतं. पावडर आणली, तीही मानवली नाही. अकराव्या दिवशी त्याला उभं राहता येईना. डॉक्टर आले, सुई टोचली, आणि जाता जाता म्हणाले, "मॅडम, याला थेट गाईच्या सडाला लावा. ताजं, अंगाच्या उबेचं दूध पाहिजे. नाहीतर तीन-चार दिवस धरा."

त्याच दिवशी सकाळपासून शेजारच्या रानातून एक गाय ओरडत होती.

आसारामची तांबडी. लाल कंधारी, गडद विटकरी रंगाची. तिचा गोऱ्हा लाल्या रात्रीत पोट फुगून मेला होता. कास दगडासारखी झाली होती, पण वासरू नाही म्हटल्यावर तांबडी पान्हा सोडत नव्हती. आसाराम बादली घेऊन बसला की लाथ. वनिता कवड्याला उचलून तिकडे घेऊन गेली. तांबडीनं त्याला एकदा हुंगलं आणि शिंगानं बाजूला फेकलं.

"न्हाई घेणार ती," आसाराम म्हणाला. "तिला तिचंच पायजे. आमच्या बापाच्या वक्ताला कातड्यात पेंढा भरून उभं करायचे फुडं. गाय चाटायची आन् पान्हा सोडायची. आता ते काम करणारं कोण राह्यलंय?"

हे म्हणताना त्यानं वनिताकडे पाहिलं, मग पटकन दुसरीकडे पाहिलं. ते काम कोण करत असे हे दोघांनाही माहीत होतं. नवनाथच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर ढोरं ओढायचा दोर चुलीत घातला होता. तेव्हापासून त्या घरानं मेलेल्या जनावराला हात लावला नव्हता.

घरी आल्यावर वनितानं जाईबाईंना सगळं सांगितलं. कवड्या त्यांच्या पायाशी आडवा पडला होता, डोळे आत गेलेले.

"पेंढा भरून याला दूध मिळायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "जित्या वासराच्या अंगावर मेल्याचं कातडं बांधायचं. गाय वासावर घेती. माझ्या सासूनं केलतं एकदा. मी बघितलतं."

"मग आपण—"

"आपण न्हाई."

"आत्या, माझ्याकडं शाळेची विच्छेदनाची पेटी आहे. बेडूक कापायला मिळायची पूर्वी, आता बंद झालं. ब्लेड कोरी आहेत. हे ते काम नाही. हा एक जीव वाचवणं आहे."

"सगळी कामं कुणाचा तरी जीव वाचवायलाच असत्यात," जाईबाई म्हणाल्या. पण उठल्या, पदर खोचला. "एक ऐक. काप. जित्यासाठी कापायलीस म्हणून काप. पण ओढायचं न्हाई. त्या ढोराला इथून तिथं न्यायचं न्हाई, खड्ड्यापत्तुर सुदिक न्हाई. ते ज्याचं त्यानं करावं."

वनितानं कबूल केलं. तेव्हा ही अट तिला सोपी वाटली.

आसारामच्या गोठ्यामागं, उतरत्या उन्हात, जाईबाई पाठ फिरवून एका दगडावर बसल्या. मेलेल्या वासराकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. समोरच्या तुरीकडं बघत त्या सांगत होत्या, आणि वनिता तसं करत होती. "नरड्यापून सुरू कर. खाली यी. पाय गुडघ्यापत्तुर सोड, भोकं राहू दे. शेपटी ठेव, शेपटीपाशी गाय लई हुंगती." वनिताचा हात स्थिर होता. कातडं मांसापासून सुटताना ओल्या कापडासारखा आवाज येत होता, आणि कुठं आडलं तर जाईबाई न बघताच सांगत, "डावीकडून घे." ऐंशीच्या घरातली बाई, सत्तर वर्षांपूर्वी एकदा पाहिलेलं, आणि एकही चूक नाही.

आसाराम सारखा रस्त्याकडं बघत होता. "आटपा मॅडम. कोणी फोटू काढून मोबाईलवर टाकला तर काय सांगायचं? सोलल्यालं वासरू बघून लोक इचारत न्हाईत मेलतं का मारलतं."

"तुम्ही पुरून टाका लगेच," वनिता म्हणाली.

"पुरतो ना. तुमी जावा. मी बघतो."

लाल्याचं कातडं कवड्याच्या अंगावर चढवलं. चारी पाय भोकांतून काढले, पोटाखाली सुतळीनं बांधलं. लाल अंगातून काळं डोकं आणि काळे पाय बाहेर आलेले. त्याला तांबडीपाशी नेलं. तिनं हुंगलं. शेपटीपाशी थांबली. मग घशातल्या घशात एक आवाज केला आणि चाटायला लागली. कवड्या लटपटत कासेपर्यंत गेला. दोन मिनिटांनी त्याच्या तोंडाच्या कडेनं पांढरा फेस ओघळला.

जाईबाई तेवढं पाहायला मात्र वळल्या. "पी बाबा," त्या म्हणाल्या.

*

तीन दिवसांत कवड्याची हगवण थांबली. आठव्या दिवशी तो पळायला लागला. आसाराम खूश होता. त्यालाही अर्धं दूध मिळत होतं. कवड्या आता त्याच्याच गोठ्यात राहायचा, आणि वनिता शाळेच्या आधी आणि नंतर जाऊन यायची.

कातडं रोज थोडं थोडं कापायचं, असं जाईबाईंनी सांगितलं होतं, म्हणजे गाईला हळूहळू आतल्या वासराचा वास लागतो. वनितानं तसंच केलं. मीठ-हळद चोळलेल्या त्या कातड्याची एक पट्टी रोज कमी. दहाव्या दिवशी नुसता गळ्याभोवती चार बोटं रुंद पट्टा उरला. तोही काढला, तेव्हा तांबडीनं कवड्याला लाथ घातली. पुन्हा बांधला, तर घेतलं. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच.

"राहू द्या की तेवढा," आसाराम म्हणाला. "माणसं न्हाई का गळ्यात ताईत बांधत?"

मग वनिताच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि एकदा आल्यावर ती जाईना. तांबडी कवड्याला चाटायची ती फक्त कातड्यावर. डोक्याला कधी नाही, पायांना नाही. कातडं कमी होत गेलं तसतशी तिची चाटायची जागाही कमी होत गेली. आता ती तेवढा चार बोटांचा पट्टा चाटायची, पंधरा-पंधरा मिनिटं, डोळे अर्धे मिटून. बाकीचं वासरू तिच्या लेखी तिथं नव्हतंच.

यात नवल काही नाही, वनितानं स्वतःला सांगितलं. वासावर ओळख. पट्ट्याला वास आहे, डोक्याला नाही.

आणि कवड्याला तिची ओळख राहिली नव्हती. खडूचं बोट पुढं केलं तर तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. "कवड्या" म्हणून हाक मारली तर कानही हलत नव्हता. हेही साहजिकच होतं. गाय मिळाल्यावर बाटलीवाली बाई कशाला आठवेल? तिनं शाळेच्या वाटेवर स्कूटी थांबवून दोनदा डोळे पुसले, आणि पुढं गेली.

डिसेंबरातला एक रविवार. दुपारचे बारा वाजले असतील. वनिता शेंगदाण्याची पेंड घेऊन आसारामच्या गोठ्यात गेली तर दावं रिकामं. सोयाबीन निघालेलं रान मोकळं होतं, आसाराम दोघांना दुपारी चरायला सोडायचा. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. रानाच्या पार टोकाला कोरडी विहीर होती, कठडा नसलेली. शेजारी राखेचा ढीग. परळीच्या वीज केंद्रातून आणलेली राख, विहीर बुजवायची म्हणून चार वर्षांपूर्वी टाकलेली आणि तशीच राहिलेली. त्या ढिगापाशी तांबडी उभी होती, आणि कवड्या तिच्या पुढं.

वनिता चालत जवळ गेली. पन्नास पावलांवर थांबली.

तांबडीनं मान विहिरीत घातली होती आणि ती बोलत होती. गाय वासरापासून लांब असली की तोंड उघडून हंबरते, मैलभर जाईल असं. वासरू जवळ असलं की तोंड मिटून, घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा आवाज काढते. तो आवाज फक्त जवळच्या वासरासाठी असतो. तांबडी तोंड मिटून बोलत होती. तिच्या बाजूला उभ्या असलेल्या कवड्याशी नाही. विहिरीशी.

आणि मग ती थांबली, जणू उत्तर ऐकायला. कान पुढं, दोन्ही.

त्यानंतर तिनं मान वर घेतली, कपाळ कवड्याच्या ढुंगणाला लावलं, आणि हलकेच ढकललं. मारल्यासारखं नव्हे. शेळी करडाला दारातून आत लोटते तसं. कवड्या दोन पावलं पुढं सरकला. त्याच्या पुढच्या खुरांखालची राख भुरभुर आत पडली.

"कवड्या!" वनिता ओरडली.

त्यानं पाहिलं नाही. तांबडीनं पाहिलं. एक क्षण तिच्याकडं पाहत राहिली, मग वळून चालू लागली, आणि कवड्या मुकाट तिच्या मागं.

*

सोमवारी मधल्या सुट्टीत वनिता स्कूटी घेऊन आली. बारा वाजून वीस मिनिटं. दोघं विहिरीवर. मंगळवारी, बारा पंचवीस. विहिरीवर. दोन्ही दिवस तेच, बोलणं, ऐकणं, ढकलणं. मंगळवारी कवड्याचे पाय काठापासून वीतभर अंतरावर होते. तिनं दोघांना हाकलून आणलं आणि आसारामला गाठलं. तो मोटारीची वायर जोडत बसला होता.

"तुमची गाय त्याला विहिरीत ढकलते आहे."

"काय बी बोलता मॅडम! गाय हाय ती. माय हाय."

"मी तीन दिवस बघितलंय."

"गवत आसंल तिकडं."

"राखेत गवत?"

आसाराम वायरीकडंच बघत राहिला. "बरं, काटे लावतो. बाभळीच्या फांद्या आडव्या टाकतो. झालं?"

"आणि त्यांना सोडू नका दुपारी."

"सोडत न्हाई. पर ती दावं तोडती. तुमी बघितला न्हाई तिचा जोर. दोन दावी तोडली आठवड्यात." मग त्यानं डोकं खाजवलं आणि हसायचा प्रयत्न केला. "मास्तरणीला बी भुताची भीती वाटती म्हणायची."

"भुताची नाही. विहिरीची वाटते. किती खोल आहे?"

"साठ फूट. पाणी न्हाई."

"आत काय आहे?"

"काय असणार? राख." आणि वायरीचं टोक त्याच्या हातातून निसटलं.

घरी आल्यावर वनितानं जाईबाईंना विचारलं, कातडं काढल्यावर त्यांच्या सासूनं त्या वासराचं काय केलं होतं. जाईबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला.

"पुरलं. खोल. गायीच्या नाकाला लागू नये असं, येशीच्या बाहीर. ते त्याच दिवशी करायचं, रात निघू द्यायची न्हाई. कावून?"

"सहज विचारलं," वनिता म्हणाली. तिला आधी विहिरीत बघायचं होतं.

बुधवारी शाळेत निरीक्षक आले होते, सुटता आलं नाही. तासाला ती फळ्यावर आकृती काढत होती आणि घड्याळाकडं बघत होती. बारा वीस. बारा तीस. खडू तिच्या बोटांत दोनदा मोडला. गुरुवारी तिनं रजा टाकली आणि साडेअकरापासूनच तुरीच्या कडेला बसून राहिली.

बारानंतर तांबडी आली. गळ्यात तुटलेलं दावं लोंबत होतं. बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या खऱ्या, पण तिनं शिंगात एक फांदी अडकवली आणि ओढून बाजूला केली, सवयीचं काम केल्यासारखी. मग दुसरी. कवड्या उभा होता. त्याला पळून जायला चारी बाजू मोकळ्या होत्या. तो गेला नाही.

या वेळी ती बोलली नाही. सरळ कपाळ लावलं.

वनिता धावली. ती पोचली तेव्हा कवड्याचे पुढचे पाय काठावरून खाली गेले होते, छातीवर टेकून तो राखेत घसरत होता, आणि त्याच्या तोंडून आवाज येत नव्हता. ती पालथी पडली आणि हाताला जे लागलं ते धरलं. तो गळ्यातला पट्टा होता. वाळून वेतासारखं झालेलं कातडं तिच्या बोटांत रुतलं. मागून तांबडी ढकलतच होती, सावकाश, न थांबता, आणि तिच्या नाकपुड्यांतली गरम हवा वनिताच्या मानेवर येत होती. वनिताचं तोंड काठाच्या बाहेर होतं. तिला खाली विहिरीचा तळ दिसत होता. तळाशी राख, सारखी केलेली, मऊ करडी. आणि राखेतून वर आलेला एक पाय. खूर होता. गुडघ्यापर्यंत लाल कातडं होतं, मोजा घातल्यासारखं. त्याच्या वर नव्हतं.

गुडघ्यापर्यंत सोड, असं जाईबाईंनी सांगितलं होतं.

"आसाराम!" ती ओरडली. "आसाराम भाऊ!"

तो काठी घेऊन आला. तांबडीला चार काठ्या बसल्या तेव्हा ती मागं हटली. दोघांनी कवड्याला ओढून बाहेर काढलं. वनिता राखेत तशीच बसून राहिली, गोऱ्ह्याचं डोकं मांडीत घेऊन. त्याचं काळीज तिच्या तळहाताखाली धावत होतं.

"पुरतो म्हणाला होतात."

आसारामनं तोंडावरचा घाम पुसला. राख आणखी पसरली. "काय करू मॅडम? आमच्या घरात आजपत्तुर कुणी मेलेलं ढोर ओढलं न्हाई. ढोर न्यायला जीप आणावी तर गाव बघंल, सोलल्यालं कशाला म्हणंल. तुमाला म्हणायला आलो असतो तर तुमचं बी घर म्हणलं असतं, न्हाई ओढणार. मग मी बांबूनं लोटीत लोटीत आणलं. हात लावला न्हाई. लोटलं आत, वरून राख टाकली. वास येत न्हाई म्हणलं राखेत."

"आपल्याला येत नाही," वनिता म्हणाली.

तिला तेव्हा सगळं एकदम दिसलं, आणि दिसलं त्यात भूत कुठंच नव्हतं. तांबडी फसलीच नव्हती. तिचं वासरू विहिरीत होतं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त ते अर्धं होतं. त्याचं कातडं वर हिंडत होतं, कुठल्यातरी परक्या अंगावर चढून. ती ते कातडं चाटून, दूध पाजून, महिनाभर सांभाळून ठेवत होती आणि रोज दुपारी ज्याचं त्याला परत न्यायला बघत होती. आतल्या काळ्या गोऱ्ह्याचं पुढं काय होईल हा तिच्यापुढचा प्रश्नच नव्हता. कोटाच्या आत हँगर असतो, तसा तो होता.

*

"काढलं पायजे," जाईबाई म्हणाल्या. त्या काठी टेकत रानापर्यंत आल्या होत्या. "काढून नीट पुरायचं. पट्ट्यासकट. न्हाईतर ती याला सोडायची न्हाई. बांधून ठेव, विकून टाक, ती हिंडत यील."

"कोण काढणार?" आसाराम म्हणाला.

वनितानं ओढणी कमरेला बांधली. कवड्याला वाचवायचं तर हे करावं लागणार होतं, आणि दिलेला शब्द तिचा एकटीचा होता. मोडला तर तिनंच मोडायचा. तिनं सासूकडं पाहिलं. "आत्या, मी उतरते."

जाईबाईंनी काठी आडवी धरली. रागानं नव्हे. "तू कापलंस. तुझं झालं." मग आसारामकडं वळल्या. "आसाराम, बाळा, वासरू कुणाचं?"

"माझं."

"लोटलं कुणी?"

तो काठीच्या टोकानं राख उकरू लागला.

"आमच्या सासऱ्यानं गावाची ढोरं ओढली. तुझ्या आज्याची बी ओढली. त्यांचे हात सडले न्हाईत. तुझे बी सडायचे न्हाईत. जा, उतर."

आसाराम काळा ठिक्कर पडला. तो दोराची शिडी आणायला गेला तेव्हा वनिताला वाटलं, आता येत नाही. पण आला. बाभळीच्या बुंध्याला शिडी बांधून तो उतरला. खालून बराच वेळ फक्त त्याचं खोकणं ऐकू येत होतं. मग दोराला हिसका बसला. तो वर आला आणि त्यानं एकट्यानंच ते वर ओढून घेतलं. दोघी बाजूला उभ्या राहिल्या.

राखेनं ते सुकवून ठेवलं होतं. करडं, आखडलेलं, पोचे पडलेलं. सडलेलं नव्हतं. वनिताला जे बघायची धास्ती होती ते त्यात नव्हतं, आणि तरी तिनं मान फिरवली. आसारामनं मागच्या पायांना दोर बांधला आणि ओढत चालू लागला. रानातून बांधापर्यंत दोनशे पावलं. त्याच्या मागं राखेची एक रेघ उमटत गेली. तांबडी त्या रेघेवरून चालत आली. तिला कुणी अडवलं नाही.

खड्डा छातीएवढा झाल्यावर वनितानं कवड्याच्या गळ्यातला पट्टा कापला. खाली ठेवला, त्या करड्या मानेवर, जिथून तो काढला होता तिथंच. तांबडी पुढं आली. तिनं वाकून हुंगलं. मग सोललेल्या त्या अंगाला, राखेसकट, मानेपासून शेपटीच्या जागेपर्यंत चाटलं. एकदाच, सावकाश. आणि बाजूला झाली. माती पडत असताना ती रवंथ करत उभी होती.

कवड्या भुकेला होता. तो तिच्या कासेकडं गेला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. मागचा पाय उचलला आणि कुणाही परक्या जनावराला घालावी तशी लाथ घातली.

*

तो आता वनिताच्या अंगणात असतो. सहा महिने झाले, चारा खातो, अंगानं भरला आहे. तांबडी विहिरीकडं जात नाही. आसारामनं ती विहीर बुजवली.

हळूहळू तो वनिताचा झाला, पण नव्यानं. ती हाक मारते तेव्हा तो येतो, खडूचं बोट चाटतो, पण आधी एकदा हुंगून. वह्या तपासताना पायाशी झोपत नाही. थोडं अंतर ठेवून बसतो. जाईबाई म्हणतात, "एवढं चालायचंच. त्याला किती बाया झाल्या."

एका रविवारी आंघोळ घालताना वनिताला ते दिसलं. पट्टा होता त्या जागेचे केस गळून नवे आले होते, आणि नवे केस लाल होते. गळ्याभोवती चार बोटं रुंद, गडद विटकरी. अंगातलं तांबं कमी पडलं की काळ्या जनावराचे केस तांबूस होतात, हे तिला माहीत होतं. तिनं क्षारांचं मिश्रण आणून दिलं. आठ आठवडे दिलं. बाकीचं अंग तेल लावल्यासारखं काळं झालं. लाल तसंच राहिलं. शाळेतला सूक्ष्मदर्शक तिच्याच कपाटात आहे. दोन केस नेऊन काचेवर ठेवायचे, एवढंच काम. तिनं ते केलेलं नाही.

तांबडीला पाण्यावर नेताना आसाराम दुपारी कुंपणावरून जातो. मध्यंतरी एकदा ती कुंपणापाशी थांबली आणि मान लांब करून कवड्याकडं बघत राहिली. मग तोंड मिटून एक आवाज काढला.

तेव्हापासून वनिता दर पंधरा दिवसांनी कवड्याच्या गळ्याचे केस कात्रीनं अगदी कातडीलगत कापते. जाईबाई पदर पसरून बसतात, एक केस खाली पडू देत नाहीत. कापून झालं की पदराची गाठ मारून बांधाकडं जातात आणि खड्ड्याच्या जागी बोटानं माती उकरून ते आत दाबून येतात. परत आल्या की हात धुतात.

"किती दिवस लागेल असं, आत्या?" वनितानं काल विचारलं.

जाईबाईंनी हात पदराला पुसले. "तिचं वासरू पुरतं होईपत्तुर," त्या म्हणाल्या, आणि कवड्याला वैरण टाकायला गेल्या.